सलून आणि पार्लर यांनी समाजसेवा कशी करावी: ठाणे-नवी मुंबईतील व्यावसायिकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

केशकर्तनालय किंवा ब्युटी पार्लर चालवणाऱ्या अनेकांना आपल्या हातातील कलेचा उपयोग गरजूंसाठी व्हावा असे मनापासून वाटते. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत अशी इच्छा बहुधा वर्धापनदिनाच्या किंवा १५ ऑगस्टच्या मोफत शिबिरातून व्यक्त होते. बॅनर लागतो, एखाद्या वृद्धाश्रमात सकाळी कारागीर पोहोचतात, दुपारपर्यंत पन्नास-साठ जणांचे केस एकाच नंबरच्या मशीनने कापून होतात आणि छायाचित्रे निघतात. त्यामागील भावना खरी असते. मात्र खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘केस कसे कापू?’ हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलेला नसतो. पैसे देणाऱ्या ग्राहकाला जो प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो, तोच इथे गळून पडतो. माझ्या मते या सेवेचा गाभा त्या प्रश्नातच आहे, आणि पुढील प्रत्येक सूचना त्याच प्रश्नाभोवती मांडली आहे.

या व्यवसायाला अशा विचाराची परंपरा आहे, हेही लक्षात ठेवावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील नाभिक कारागिरांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्यांना संघटित करण्यात सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांचा मोठा वाटा होता, आणि लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा, १८४८ सालचा. एखाद्या व्यक्तीच्या केसांचे काय करायचे हे तिच्या इच्छेविरुद्ध ठरवले जाऊ नये, ही भूमिका आपल्याच पूर्वसुरींनी घेतलेली आहे.

पहिली पायरी: एकच जागा निवडणे

वर्षभरात दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर महिन्याला जावे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे एकदाच केलेल्या शिबिराचा उपयोग सहा आठवड्यांत संपतो, आणि संस्थेतील लोक पुन्हा कोणाच्या तरी येण्याची वाट पाहत राहतात. नियमित जाण्याचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर माणसे ओळखीची होतात, आपल्या आवडी सांगू लागतात आणि कारागिरालाही कोणाचा हात थरथरतो, कोणाला मशीनच्या आवाजाची भीती वाटते हे कळू लागते.

जागा निवडताना आपल्या दुकानापासूनचे अंतर पाहावे. नौपाड्यातील पार्लरने येऊरच्या आदिवासी पाड्यांवर महिन्याला जायचे ठरवले तर ते शक्य आहे, पण पावसाळ्यातही ते जमेल का याचा आधी विचार करावा. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आसपास राहणारे माथाडी कामगार, कोपरी किंवा वागळे इस्टेटमधील मजूर नाक्यावर उभे राहणारे कामगार, कळव्यातील महापालिका रुग्णालयात दीर्घकाळ असलेल्या रुग्णांचे नातेवाईक, तुर्भे आणि दिघा परिसरातील वस्त्या, जवळचा वृद्धाश्रम किंवा बालगृह यांपैकी काहीही असू शकते. दुकान ज्या वस्तीत आहे, तिथल्याच सफाई कामगारांपासून सुरुवात केली तरी ती पुरेशी चांगली सुरुवात आहे, आणि अनेकांसाठी तीच सर्वांत योग्य ठरेल.

वेळ ठरवताना व्यवसायाची लय पाहावी. श्रावणात अनेक पुरुष केस-दाढी करत नाहीत आणि पितृपक्षातही काम मंदावते. या काळात कारागिरांना वेळ असतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र कोणतेही वचन देऊ नये. श्रावण वद्य द्वादशीला संत सेना महाराजांची पुण्यतिथी येते. या दिवशी काम सुरू करण्याला नाभिक समाजातील कारागिरांच्या मनात वेगळे स्थान असते आणि त्यांचा सहभागही आपोआप वाढतो.

दुसरी पायरी: परवानगी आणि पहिली भेट

पहिल्या भेटीला कात्री नेऊ नये. मालकाने किंवा ज्येष्ठ कारागिराने एकट्याने जाऊन संस्थेच्या प्रमुखांना आणि प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्या मावशी किंवा परिचारिकांना भेटावे. पाणी कुठे आहे, विजेचे बोर्ड कुठे आहेत, चाकाची खुर्ची वापरणारे किती, अंथरुणाला खिळलेले किती, त्वचेचा किंवा संसर्गाचा आजार कोणाला आहे, रक्त पातळ करणारी औषधे कोण घेते आणि मधुमेह कोणाला आहे, हे विचारून घ्यावे. ही माहिती कार्यालयापेक्षा मावशींकडे अधिक अचूक मिळते.

परवानगी लेखी घ्यावी. बालगृहांच्या बाबतीत संस्थेच्या अधीक्षकांबरोबरच जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचे कार्यालय किंवा बालकल्याण समिती यांची संमती लागते का, हे संस्थेकडूनच विचारून घ्यावे आणि ती मिळेपर्यंत थांबावे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा संस्थांमधील बालकांची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या दुकानाच्या इन्स्टाग्राम पानावर टाकलेली ‘आधी आणि नंतर’ची जोडछायाचित्रेही यात येतात.

ठाण्यातील प्रादेशिक मनोरुग्णालय शहराच्या ओळखीचा भाग आहे, आणि तिथे किंवा इतर मानसोपचार संस्थेत सेवा द्यावी असे अनेकांना वाटते. तिथे जाण्यापूर्वी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम काय सांगतो हे प्रत्येक कारागिराला माहीत असले पाहिजे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचे डोके तिच्या इच्छेविरुद्ध भादरले जाऊ नये, हा तिचा हक्क या कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्टपणे लिहिलेला आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, अशीही तरतूद आहे. एखाद्या कर्मचाऱ्याने ‘सगळ्यांचे एकदम बारीक करून टाका, उवा होतात’ असे सांगितले तरी कारागिराने प्रत्येक व्यक्तीला विचारूनच हात लावावा, आणि नकार आला तर शांतपणे पुढच्या खुर्चीकडे जावे.

तिसरी पायरी: साहित्य आणि स्वच्छता

या भागाकडे दुर्लक्ष झाले तर सेवेतून अपाय होतो, म्हणून यावर अधिक सविस्तर लिहितो. हिपॅटायटिस-बी हा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस टिकू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश वस्तऱ्यावर, ट्रिमरच्या पात्यावर किंवा तुरटीच्या खड्यावर राहिला तर पुढच्या माणसाला लागण होऊ शकते. एकाच दिवशी एकाच जागी चाळीस जणांचे केस कापताना ही शक्यता दुकानातल्यापेक्षा वाढते, कारण घाई असते आणि पाण्याची सोय अपुरी असते.

म्हणून अर्धे ब्लेड प्रत्येकासाठी नवीन घ्यावे आणि वापरलेले ब्लेड जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाकावे. रुग्णालयात गेलो असू तर ती बरणी त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात देता येईल का, हे विचारावे. तुरटीचा एकच खडा सर्वांच्या गालावरून फिरवू नये. कापले गेलेच, तर स्वच्छ कापसाने दाबून धरावे आणि तो कापूस लगेच टाकून द्यावा. कंगवे आणि कात्र्या आधी साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, कारण केस आणि तेल चिकटलेले असताना कोणतेही जंतुनाशक नीट काम करत नाही. धुतल्यानंतर धातूची हत्यारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हवेवर कोरडी होऊ द्यावीत. रक्त लागलेले प्लॅस्टिकचे कंगवे १ टक्का हायपोक्लोराइटच्या द्रावणात दहा मिनिटे ठेवावेत. बाटलीवर ५ टक्के असे लिहिलेले असेल तर एक भाग द्रव आणि चार भाग पाणी असे प्रमाण होते. हे द्रावण त्या दिवशीच तयार करावे आणि ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. हायपोक्लोराइटने धातू गंजतो, म्हणून कात्र्यांसाठी ते टाळावे.

प्रत्येक कारागिराकडे किमान दोन ट्रिमर, चार कंगवे आणि दोन कात्र्या असाव्यात, म्हणजे एक संच स्वच्छ होत असताना दुसरा वापरता येतो. मानेभोवती लावायच्या कागदी पट्ट्या, पुरेशा केप, हातमोजे, पाण्याचा स्प्रे, लांब वायरचा बोर्ड, हातात धरायचा आरसा, झाडू, केस भरण्यासाठी पोती आणि मोठी चादर एवढे सामान पुरते. आरसा विसरू नये. काम झाल्यावर आरसा दाखवून ‘ठीक आहे का?’ असे विचारणे हा केस कापण्याच्या कामाचाच भाग आहे, आणि मोफत शिबिरात नेमका तोच राहून जातो.

कारागिरांनी स्वतः हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. तिचे तीन डोस पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे घेतात. या खर्चाला मालकाने सेवेच्या खर्चाचाच भाग मानावे.

किती माणसे घ्यावीत याचे साधे गणित असे आहे: विचारणे, कापणे, आरसा दाखवणे आणि हत्यारे स्वच्छ करणे मिळून एका माणसामागे वीस मिनिटे धरावीत. चार कारागीर तीन तास काम करतील तर छत्तीस जण होतात. संस्थेत शंभर जण असतील तर तीन भेटी ठरवाव्यात. तीन तासांत शंभर जण उरकण्याचा आग्रह धरू नये.

वृद्धांसाठी काम करताना

वृद्धांची त्वचा पातळ असते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा छोटा ओरखडाही बराच वेळ वाहतो. त्यांची दाढी वस्तऱ्याऐवजी ट्रिमरने करावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीजवळ मागून जाऊ नये. समोर येऊन, नाव सांगून, हात हातात घेऊन बोलावे, आणि ट्रिमर आधी थोड्या अंतरावर सुरू करून त्याचा आवाज ऐकवावा. काहींना आरशातील स्वतःचा चेहरा परका वाटून ते घाबरतात. अशांसमोर आरसा धरू नये. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावल्याची खात्री करावी. मधुमेह असलेल्यांच्या पायाची नखे कापण्याचा किंवा गरम पाण्यात पाय बुडवण्याचा मोह टाळावा, कारण पायाची संवेदना कमी झालेली असते आणि छोट्या जखमेतून मोठा धोका उद्भवतो. ते काम परिचारिकेचे आहे. केस रंगवण्याची मागणी बहुतेक ठिकाणी होते. रंग लावायचा असेल तर ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चाचणी घेतली पाहिजे, म्हणून पहिल्या भेटीत चाचणी आणि दुसऱ्या भेटीत रंग असे नियोजन करावे. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्येही अनेकदा केसांच्या रंगातलेच तीव्र रसायन असते, त्यामुळे त्यांनाही हाच नियम लावावा.

वृद्ध स्त्रियांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. अनेक संस्थांमध्ये निगा राखणे सोपे जावे म्हणून आजींचे लांब केस बॉयकट केले जातात. काही आजींना ते सोयीचे वाटते, पण अनेकींनी आयुष्यभर अंबाडा घातलेला असतो आणि केस गेल्यावर त्या दिवसेंदिवस बोलत नाहीत. अशा वेळी कात्रीऐवजी तेल, फणी आणि अर्धा तास द्यावा. केस सोडवून, विंचरून, वेणी घालून देणे ही ब्युटीशियनची सेवाच आहे, आणि मावशींना गुंता कमी होईल अशी सैल वेणी घालायला शिकवणे ही त्याहून टिकाऊ सेवा आहे.

मुलांसाठी काम करताना

उवा झाल्या म्हणून मुलींचे केस कापून टाकणे हा पहिला उपाय ठरू नये. उवा उडत नाहीत, उडी मारत नाहीत आणि डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाहीत. १ टक्का परमेथ्रिनचे लोशन धुऊन टिपलेल्या ओल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुवावे, बारीक दातांच्या फणीने विंचरावे आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे. दुसऱ्या वेळचे लावणे चुकले तर लिखांतून निघालेल्या उवा पुन्हा पसरतात. संपूर्ण खोलीतील मुलांवर एकाच दिवशी उपचार व्हावा आणि तो संस्थेच्या डॉक्टरांच्या संमतीने व्हावा. डोक्यावर केस गळालेला, खवले असलेला गोल चट्टा दिसला तर तिथे मशीन फिरवू नये. तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्याच मशीनने तो इतर मुलांना होतो.

कर्करुग्णांसाठी सेवा आणि केसदान

खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे, आणि तिथे उपचारांसाठी आलेली कुटुंबे परिसरात राहतात. त्यामुळे खारघर, बेलापूर आणि नेरूळच्या सलूनमध्ये असे ग्राहक येतातच, आणि केस गळू लागल्यावर काय करावे हे त्यांना कोणालातरी विचारायचे असते.

केमोथेरपीच्या सर्वच औषधांनी केस गळतात असे नाही. गळतात तेव्हा ते पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात. अनेकांना त्याआधीच केस छोटे करून घेणे बरे वाटते, काहींना शेवटपर्यंत केस ठेवायचे असतात. दोन्ही निर्णय योग्यच आहेत. अशा ग्राहकाला सकाळची पहिली वेळ द्यावी, कारण दुकान स्वच्छ असते आणि गर्दी नसते. पडदा किंवा वेगळी खोली असावी. वस्तरा अजिबात वापरू नये. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना छोटा कापही संसर्गाचे कारण होतो, म्हणून गार्ड लावलेला स्वच्छ क्लिपरच वापरावा. कारागिराला सर्दी-खोकला असेल तर त्याने त्या दिवशी हे काम करू नये. टाळू हुळहुळी होते, त्यामुळे पाणी कोमट आणि शाम्पू सौम्य असावा. भुवया गळाल्यास पेन्सिलने त्या कशा रेखायच्या आणि सुती ओढणी किंवा स्कार्फ न घसरता कसा बांधायचा, हे ब्युटीशियनने शिकवावे. केस पुन्हा येण्यास बहुधा उपचार संपल्यानंतर तीन ते सहा महिने लागतात. तोपर्यंत रंग, स्ट्रेटनिंग किंवा ‘केस लवकर आणणारे’ तेल विकू नये.

केसदान हा सलूनला सहज जोडता येणारा उपक्रम आहे, पण त्यात तांत्रिक काळजी लागते. बहुतेक संस्था साधारण १२ इंच लांबीचे, ब्लीच न केलेले केस घेतात. रंगवलेले किंवा पांढरे केस चालतात का हे प्रत्येक संस्थेला आधी विचारावे. लेअर्समध्ये कापलेल्या केसांची लांबी सर्वांत आखूड लेअरवरून मोजली जाते. केस धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण ओले केस पिशवीत बुरशीने खराब होतात. नंतर चार ते सहा भाग करून प्रत्येक भागाला वर आणि खाली रबर लावावे, वरच्या रबराच्या अर्धा इंच वर कापावे आणि मुळाची बाजू एकाच दिशेला ठेवून कोरड्या पिशवीत भरावे. जमिनीवर पडलेले केस टोपासाठी उपयोगी नसतात. एका टोपासाठी अनेक दात्यांचे केस लागतात, हे दात्याला सांगावे.

मानवी केसांना बाजारात चांगली किंमत असते, त्यामुळे केस कोणाला देतो याची चौकशी दात्याच्या वतीने आपणच केली पाहिजे. संस्था नोंदणीकृत आहे का, टोप रुग्णाला मोफत मिळतो का, आणि पोच मिळते का, हे तीन प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावे. एखादी लहान मुलगी आईच्या आग्रहाने आली असेल, तर तिच्याशी वेगळे बोलावे आणि ‘पुढच्या आठवड्यात ये’ असे सांगावे. १२ इंच केस पुन्हा वाढायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो.

सलून हीच बाहेर पोहोचण्याची जागा

लोक डॉक्टरकडे वर्षातून एकदा जातात, सलूनमध्ये महिन्याला येतात. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात ५२ केशकर्तनालयांमध्ये, ३१९ उच्च रक्तदाब असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांशी समन्वय ठेवून औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन औषधे ठरवत होते. सहा महिन्यांत त्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. केवळ सल्ला दिलेल्या गटाचा सुमारे ९ अंकांनी उतरला. यातला धडा असा की मोजणे पुरेसे नाही, पुढची वाट जोडलेली हवी.

आपल्याकडे याचे छोटे रूप शक्य आहे. दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र ठेवावे, ग्राहकाला पाच मिनिटे शांत बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मोजताना बोलू देऊ नये. नुकताच चहा किंवा सिगारेट झाली असेल तर अर्धा तास थांबावे. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर जवळच्या महापालिका आरोग्य केंद्राचा पत्ता आणि वेळ लिहून द्यावी. १८०/१२० च्या वर आकडा आणि छातीत दुखणे, बोलताना अडखळणे किंवा धाप लागणे असे काही असेल तर त्याच क्षणी १०८ ला फोन करावा. कारागिराने औषधाविषयी एकही शब्द बोलू नये. त्याचप्रमाणे मान, पाठ किंवा हातावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास एकांतात आणि आदराने डॉक्टरांना दाखवण्यास सुचवावे. कुष्ठरोगाचे निदान लवकर झाले तर तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळते.

पार्लरमध्ये स्त्रिया घरातल्या गोष्टी बोलतात, आणि कधी फाउंडेशनखाली लपवायला सांगितलेली जखम ब्युटीशियनला दिसते. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०१७ पासून सौंदर्यव्यावसायिकांना घरगुती हिंसाचार ओळखण्याचे एक तासाचे प्रशिक्षण बंधनकारक केले. आपल्याकडे तसे बंधन नाही, पण एखाद्या दुपारी संरक्षण अधिकाऱ्यांना किंवा समुपदेशकांना बोलावून असे प्रशिक्षण घ्यावे असे मला फार वाटते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी जिल्ह्यात असतात आणि त्यांची मदत मोफत आहे.

तोपर्यंत काही नियम पाळावेत. ऐकावे, विश्वास ठेवावा, ‘सहन कर’ किंवा ‘सोडून दे’ यांपैकी काहीही सांगू नये. महिला मदतवाहिनी १८१, आपत्कालीन ११२ आणि मोफत कायदेशीर साहाय्यासाठी १५१०० हे क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावावेत, म्हणजे सोबत आलेल्या व्यक्तीच्या नजरेआड ते वाचता येतात. तिच्या पर्समध्ये पत्रक घालू नये; ते घरी सापडले तर तिचा धोका वाढतो. नवऱ्याशी आपण बोलायला जाऊ नये. मात्र बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर ती गुपित ठेवता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांकही त्याच कागदावर असावेत.

पैसे आणि हिशेब

सेवेतला सर्वांत मोठा खर्च कारागिरांच्या वेळेचा असतो, आणि तो त्यांच्या खिशातून जाऊ नये. कारागीर टक्केवारीवर असेल तर त्या दिवसाची ठरावीक रक्कम मालकाने द्यावी. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शिबिर असेल तर बदली सुट्टी द्यावी. आणि यायचे की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. सक्तीने आणलेला कारागीर खुर्चीतल्या माणसाला काही विचारणार नाही.

प्रत्येक हेअरकटमागे काही रक्कम दान देण्याची योजना करायची असेल तर किती रक्कम, कोणत्या संस्थेला आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे फलकावर लिहावे आणि मिळालेली पावती त्याच ठिकाणी लावावी. ग्राहकांकडून स्वतंत्र दानपेटीत पैसे गोळा करणे टाळावे. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचा क्यूआर कोड लावून ग्राहकाने थेट तिथेच पैसे द्यावेत, म्हणजे हिशेबाची आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या नियमांची जबाबदारी संस्थेकडे राहते. आपण ज्या प्राप्तिकर सवलतीला ८०-जी म्हणून ओळखतो, ती मोफत केलेल्या कामावर किंवा वस्तूंवर मिळत नाही. २,००० रुपयांहून अधिक रोख दानही त्यात बसत नाही, आणि नव्या करप्रणालीत वैयक्तिक करदात्याला ती मिळत नाही. दुकानाचा लेखापाल याबाबत नेमके सांगू शकेल.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात: वर्षातून एका गरजू मुलीला किंवा मुलाला संपूर्ण काम शिकवून, प्रशिक्षणकाळात प्रवासखर्च आणि जेवण देऊन, शेवटी स्वतःची कात्री-कंगव्याची पेटी देणे हे शंभर मोफत फेशियलपेक्षा मोठे दान आहे. दोन आठवड्यांचे मेंदी-थ्रेडिंगचे वर्ग बरेच होतात. त्यातून पोट भरण्याएवढे काम क्वचितच मिळते.

छायाचित्रे आणि नोंदवही

छायाचित्र घ्यायचेच असेल तर हत्यारांचे, कारागिरांचे किंवा रिकाम्या खुर्चीचे घ्यावे. कोणी स्वतःहून ‘माझा फोटो काढा’ म्हणाले तर आनंदाने काढून त्यांनाच द्यावा. तो प्रसिद्ध करण्यासाठी वेगळी, लेखी संमती घ्यावी. मोफत सेवा आणि छायाचित्र यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

संस्थेत एक वही ठेवावी. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे भांग कोणत्या बाजूला, मशीनचा कोणता नंबर, मिशी ठेवायची की नाही, कोणत्या रंगाची चाचणी झाली, कशाची भीती वाटते, एवढे लिहावे. ही वही संस्थेच्या कपाटातच राहावी. तिचे फोटो काढून कारागिरांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. दर सहा महिन्यांनी मावशींना विचारावे की आमच्या येण्याने तुमचे काम वाढते की कमी होते, आणि उत्तराप्रमाणे दिवस, वेळ किंवा पद्धत बदलावी. दुकान बदलले, भाडे वाढले, कारागीर गावी गेले, अशा कारणांनी कधीतरी जाणे थांबते. तसे होणार असेल तर किमान महिनाभर आधी कळवावे, परिसरातील दुसऱ्या सलूनला सोबत घेऊन शेवटच्या दोन भेटी एकत्र कराव्यात, आणि ती वही त्यांना समजावून द्यावी.